वाचलेल्या बाळांचा आजार

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आजारांना इतिहास असतो हे आपल्याला ठाऊक आहे. देवी, पटकी, प्लेग यांच्याविषयी आपण शाळेपासून वाचत आलो. पण एखाद्या आजाराचं कारण माणसानं कसं शोधलं, कुणाकुणावर संशय घेतला आणि त्यातला किती खरा ठरला, याचाही एक इतिहास असतो. आज मला असा एक इतिहास सांगायचा आहे. ज्या आजाराचा तो आहे, त्याचं नाव आपल्यापैकी बहुतेकांनी ऐकलेलं नसेल. ज्यांनी ऐकलं असेल, त्यांनी ते बहुधा अतिदक्षता विभागाच्या दाराशी उभं राहून ऐकलं असेल.

नेक्रोटायझिंग एन्टरोकोलायटिस असं त्याचं लांबलचक नाव. नवजात बाळाच्या आतड्यांना दाह होऊन त्यांचा काही भाग मृत होणं, हा त्याचा अर्थ. डॉक्टरमंडळी त्याला एनईसी म्हणतात, घाईत नुसतं 'नेक'. मराठीत नेक म्हणजे सचोटीचा. या आजाराइतकं हे नाव न शोभणारं दुसरं काही नसेल, कारण हा आजार दगा देतो. बाळ कमी दिवसांचं जन्मतं, काचेच्या पेटीत जातं, श्वासासाठी झगडतं. आठवडा जातो. यंत्र निघतं, नळीनं दिलेलं थेंब थेंब दूध पचू लागतं, आई पहिल्यांदा पोटभर जेवते. आणि बहुतेकदा अशा वेळी, दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, बाळाचं पोट फुगतं, दूध पोटात तसंच राहतं, हिरवी उलटी होते, शीतून रक्त जातं. पुढच्या काही तासांत काय होईल ते सांगता येत नाही.

दीड किलोपेक्षा कमी वजनाच्या शंभर बाळांत साधारण पाच ते दहांना हा आजार होतो. ज्यांना होतो त्यांतली चौथा हिस्सा बाळं दगावतात, आणि शस्त्रक्रिया करावी लागली तर हे प्रमाण आणखी वाढतं. तीसहून अधिक वर्षं मी नवजात बाळांच्या विभागात काम केलं. दर काही तासांनी टेप घेऊन बाळाच्या पोटाचा घेर मोजणाऱ्या सिस्टर मी रोज पाहिल्या. अर्ध्या सेंटिमीटरचा फरक पडला तरी त्या हाक मारत. त्या अर्ध्या सेंटिमीटरमागं जवळजवळ दोनशे वर्षांची गोष्ट आहे.

ती सुरू होते पॅरिसमध्ये. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथं टाकून दिलेल्या मुलांसाठी एक मोठं रुग्णालय होतं. चार्ल्स बियार नावाचा एक तरुण डॉक्टर तिथं दगावलेल्या बाळांची शवचिकित्सा करून प्रत्येकाची नोंद ठेवत असे. १८२८ मध्ये त्यानं नवजात आणि अंगावर पिणाऱ्या मुलांच्या आजारांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात एका अशक्त बाळाच्या सडलेल्या, काळवंडलेल्या आतड्यांचं वर्णन आहे. आज ते वाचणाऱ्याला वाटतं की हा आपलाच आजार. बियार १८३२ मध्ये ऐन तारुण्यात वारला. पुढं १८९१ मध्ये गेनेर्सिख नावाच्या पॅथॉलॉजिस्टनं अवघं ४५ तास जगलेल्या एका अपुऱ्या दिवसांच्या बाळाची हकिकत लिहिली. आतड्यात कुठंही अडथळा नव्हता, तरी त्याला भोक पडलं होतं. का, ते कुणाला सांगता येईना.

मग त्यानंतर कितीतरी वर्षं हा आजार वैद्यकाच्या पुस्तकांत जवळजवळ दिसतच नाही. तो नाहीसा झाला होता असं नाही. तो दिसण्याइतके दिवस ही बाळं जगतच नव्हती.

आपल्याकडं जुनी समजूत आहे की सातव्या महिन्याचं मूल वाचतं, पण आठव्याचं वाचत नाही. ही समजूत खरी नाही. गर्भात मिळालेला प्रत्येक आठवडा बाळाच्या पदरात पडलेलं दानच असतं. पण ती कशातून जन्मली असेल ते समजतं. घरी जन्मलेलं एखादं सातमाशी मूल वाचलं की ती हकिकत गावभर व्हायची. न वाचलेल्यांच्या हकिकती कोण सांगणार?

ही बाळं वाचवण्याची पहिली पद्धतशीर धडपड पुन्हा पॅरिसमध्येच झाली. स्तेफान तार्निए या प्रसूतितज्ज्ञानं तिथल्या प्राणिसंग्रहालयात कोंबडीची अंडी उबवण्याची पेटी पाहिली, आणि तशीच पेटी बाळांसाठी करवून घेतली. १८८० मध्ये ती पॅरिसच्या प्रसूतिगृहात आली. गिळता न येणाऱ्या बाळाला नळीनं दूध देण्याची पद्धतही त्यानंच रूढ केली. त्याचा शिष्य पिएर ब्युदँ आणखी एक पाऊल पुढं गेला. अशा बाळांना ऊब हवी, आईचं दूध हवं, आणि आईला बाळापासून लांब ठेवू नये, असं तो आग्रहानं सांगे. या शेवटच्या दोन गोष्टी वैद्यक पुढं बराच काळ विसरलं. त्याकडं आपण नंतर येऊच.

ऊब मिळाली, दूध मिळालं, तरी फुप्फुसांचा प्रश्न उरलाच. ऑगस्ट १९६३ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांचा मुलगा पॅट्रिक साडेपाच आठवडे आधी जन्मला. वजन दोन किलोच्या थोडं वर. आज अशा वजनाचं बाळ आमच्या विभागात आलं तर आम्ही त्याला 'मोठं बाळ' म्हणतो. पण जगातल्या सर्वांत सामर्थ्यवान माणसाचं ते बाळ दोन दिवसांत श्वास कोंडून गेलं. त्या मृत्यूनं जगाचं लक्ष या प्रश्नाकडं वळलं. १९६० मध्ये येल विद्यापीठाच्या रुग्णालयात लुई ग्लक यांनी नवजात बाळांचा आधुनिक अतिदक्षता विभाग उभा केला होताच. १९७१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या जॉर्ज ग्रेगरी यांनी हवेच्या सततच्या दाबानं फुप्फुसं उघडी ठेवण्याची साधी, पण युक्तीची पद्धत मांडली. पूर्वी दोन दिवसांत जाणारी बाळं आता दोन आठवडे, चार आठवडे जगू लागली.

आणि नेमका त्याच काळात आतड्यांचा हा आजार जिकडंतिकडं दिसू लागला. १९५३ मध्ये श्मिड आणि क्वायझर या दोघांनी जर्मन भाषेतल्या लेखात त्याला आजच्या नावाच्या जवळ जाणारं नाव दिलं होतं. १९६४ आणि १९६५ मध्ये न्यूयॉर्कच्या बेबीज हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांनी एकापाठोपाठ एक अनुभव प्रसिद्ध केले. बाळाच्या पोटाचा एक्स-रे काढला तर आतड्याच्या भिंतीतच हवेचे बारीक बुडबुडे दिसतात, ही खूण त्यांनी ठळकपणे पुढं आणली. आजही आम्ही एक्स-रेवर तीच खूण शोधतो. फुप्फुसांच्या तावडीतून सुटलेल्या बाळांना गाठणारा हा आजार होता. वाचलेल्या बाळांचा आजार असं मी त्याला म्हणते ते यासाठी.

आता संशयितांची रांग लागली. पहिला संशय गेला नाळेच्या रक्तवाहिनीत घातलेल्या नळीवर. रक्त तपासायला आणि सलाईन द्यायला ती नळी लागे, आणि तिच्यामुळं आतड्याचा रक्तपुरवठा अडत असेल असं वाटलं. मग काविळीसाठी बाळाचं रक्त बदलण्याच्या उपचारावर संशय आला. मग जन्मताना गुदमरण्यावर. १९६९ मध्ये लॉइड नावाच्या शल्यविशारदानं एक लक्षवेधी कल्पना मांडली. सील हा प्राणी पाण्यात खोल बुडी मारतो तेव्हा त्याचं शरीर आतड्यांकडं जाणारं रक्त कमी करून ते मेंदू आणि हृदय यांच्यासाठी राखून ठेवतं. गुदमरलेलं बाळही तसंच करत असेल, आणि त्याची किंमत आतडी मोजत असतील! कल्पना इतकी पटण्याजोगी होती की कितीतरी वर्षं ती पाठ्यपुस्तकांत ठाण मांडून बसली.

चौथा संशयित होते जंतू. काही विभागांत एका वेळी अनेक बाळांना हा आजार व्हायचा आणि मग महिनोन्‌महिने एकही रुग्ण नसायचा. साथीसारखंच ते. पण सगळीकडं सापडेल असा एक जंतू काही मिळाला नाही. पाचवा संशयित होता दूध. १९७५ मध्ये अमेरिकेत बुक आणि हर्ब्स्ट यांनी दाखवलं की फार दाट, घटक विरघळवून तयार केलेलं कृत्रिम दूध दिलेल्या लहानग्यांत हा आजार जास्त होतो.

न्यूयॉर्कच्या त्याच बेबीज हॉस्पिटलमधल्या बार्लो, सांटुली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये उंदराच्या पिलांवर प्रयोग केले. नवजात पिलांना थोडा वेळ प्राणवायू कमी पडू दिला. काहींना आईचं दूध दिलं, काहींना डब्याचं. डब्याच्या दुधावरच्या पिलांची आतडी सडली. आईच्या दुधावरची पिलं तगली. त्या प्रयोगाच्या शीर्षकातच त्यांनी आईच्या दुधाचं महत्त्व नमूद केलं. पुढच्या वर्षी सांटुलींनी ६४ रुग्णांचा आढावा घेऊन तीन गोष्टींची सांगड घातली. आतड्याला इजा, आतड्यात जंतू, आणि त्या जंतूंना पोसायला पोटात पडलेलं दूध. या तिन्ही एकत्र आल्या की आजार.

या तिन्हींपैकी डॉक्टरांच्या हातात एकच गोष्ट होती, ती म्हणजे दूध. मग दूधच थांबवायचं ठरलं. १९७८ मध्ये मार्टिन बेल यांनी आजाराच्या पायऱ्या ठरवून दिल्या. संशय, खात्री आणि गंभीर अवस्था अशा त्या पायऱ्या थोड्याफार सुधारणांसह आजही वापरल्या जातात. त्यामुळं डॉक्टर एकमेकांशी एकाच भाषेत बोलू लागले हे खरंच. पण भीतीही वाढली. बाळ लहान आहे ना, मग आठवडाभर तोंडानं काही नको. सलाईनवर ठेवा. दिलंच तर थेंबाथेंबानं, आणि पोट जरा फुगलं की पुन्हा बंद.

या भीतीची दुसरी बाजू मी वॉर्डच्या दाराशी पाहिली आहे. आजी विचारायच्या, "डॉक्टरीणबाई, लेकराला उपाशी का ठेवलंय? पोटात आग पडली असंल की त्याच्या." आम्ही समजावायचो. पण प्रश्न अगदीच चुकीचा नव्हता. उपाशी आतडं आणखी अशक्त होतं, त्याचं अस्तर पातळ पडतं. जास्त दिवस सलाईनची नळी राहिली तर तिच्यातून रक्तात जंतू शिरतात. एका संकटाला घाबरून दुसऱ्याला दार उघडून देण्यासारखंच ते होतं. याचा निवाडा व्हायला पुढं चाळीस वर्षं लागली.

पण त्याआधी संशयितांच्या रांगेचं काय झालं ते सांगायला हवं, कारण या गोष्टीतला सगळ्यात मोलाचा धडा मला तिथं दिसतो.

समजा, एखाद्या गावात दहा चोऱ्या झाल्या. प्रत्येक चोरीच्या रात्री गस्तवाला रस्त्यावर होता असं आढळलं. म्हणून गस्तवाला चोर ठरतो का? ज्या रात्री चोरी झाली नाही त्या रात्रीही तो रस्त्यावर होताच. हे दुसरं पाहिल्याशिवाय पहिल्याला अर्थ नाही. आजारी बाळांच्या नोंदी चाळताना नेमकं हेच राहून गेलं होतं. नळी घातली होती, गुदमरलं होतं, रक्त बदललं होतं, हे सगळं आजारी बाळांच्या कागदावर होतं. पण तितक्याच वजनाच्या, त्याच विभागातल्या, हा आजार न झालेल्या बाळांचे कागद कुणी पाहिले?

अमेरिकेत १९८० च्या सुमारास ते पाहिले गेले. क्लीव्हलंडच्या क्लिगमन, हॅक, जोन्स आणि फॅनरॉफ यांनी १९८२ मध्ये आपला अभ्यास प्रसिद्ध केला तेव्हा शीर्षकातच निष्कर्ष होता: ओळखता येतील असे जोखमीचे घटक आढळले नाहीत. नळ्या, गुदमरणं, रक्ताचे उपचार हे सगळं निरोगी राहिलेल्या बाळांतही जवळजवळ तितकंच होतं. ही बाळं मुळात लहान आणि आजारी होती म्हणून त्यांना नळ्या घातल्या होत्या, आणि लहान होती म्हणूनच त्यांना हा आजार झाला होता. रांगेतले बहुतेक संशयित गस्तवाले निघाले. उरलं काय? अपुरे दिवस.

अपुरे दिवस म्हणजे आतड्याच्या दृष्टीनं काय, हे पुढच्या काळात उलगडत गेलं. पूर्ण दिवसांच्या बाळाचं आतडं अन्न पुढं ढकलायला शिकलेलं असतं. बत्तीस आठवड्यांच्या आत जन्मलेल्या बाळाच्या आतड्याची ती लय अजून जुळलेली नसते, त्यामुळं दूध साचतं. आतल्या अस्तराच्या पेशींमधले सांधे सैल असतात आणि वरचा बुळबुळीत थर पातळ असतो. आणखी एक गोष्ट गेल्या वीस वर्षांत स्पष्ट झाली. जंतूंची चाहूल घेणारी जी रचना आतड्याच्या अस्तरात असते, ती गर्भावस्थेत वेगळ्याच कामासाठी फार तेज असते. पोटात जंतू येताच ही घंटा गरजेपेक्षा मोठ्यानं वाजते, आणि शरीराचा स्वतःचाच प्रतिकार आतड्याची नासधूस करतो. बाळ वेळेआधी जगात येतं, आणि जगाशी कसं वागायचं ते त्याच्या आतड्याला अजून कळलेलं नसतं.

पूर्ण दिवसांच्या बाळांना हा आजार क्वचित होतो. होतो तेव्हा बहुधा त्यांना जन्मजात हृदयविकार असतो किंवा ती जन्मताना गुदमरलेली असतात. रक्तपुरवठ्यावरचा तो जुना संशय तेवढ्यापुरता खरा ठरला.

मग अपुरे दिवस हे एकच कारण असेल तर आपण हात टेकायचे का? इथं गोष्टीला वळण मिळतं. १९९० मध्ये इंग्लंडच्या ॲलन लुकस आणि टिम कोल यांनी 'लॅन्सेट' या नियतकालिकात ९२६ अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतल्या ५१ बाळांना हा आजार झाला होता. केवळ कृत्रिम दुधावरच्या बाळांत खात्रीचा आजार केवळ मानवी दुधावरच्या बाळांपेक्षा सहा ते दहा पटींनी जास्त आढळला. तीस आठवड्यांनंतर जन्मलेल्यांत, ज्यांच्या आहारात थोडं तरी मानवी दूध होतं त्यांच्या तुलनेत, फक्त कृत्रिम दुधावरच्या बाळांत तो वीसपट जास्त होता. आणि दुसऱ्या आईनं दान केलेलं, उष्णतेनं निर्जंतुक केलेलं दूधही स्वतःच्या आईच्या दुधाइतकंच राखण करताना दिसलं.

उंदराच्या पिलांनी १९७४ मध्ये सांगितलेलं, आणि त्याआधी ब्युदँनं सांगितलेलं, आता आकड्यांत आलं. आईच्या दुधातली प्रतिपिंडं आतड्याच्या अस्तरावर लेप देतात. त्यातल्या काही साखरा बाळाला पचतच नाहीत. त्या असतात आतड्यातल्या चांगल्या जंतूंच्या खाण्यासाठी. अस्तर वाढवणारे आणि ती मोठ्यानं वाजणारी घंटा शांत करणारे घटकही त्यात असतात. पहिल्या दिवसांच्या चिकात हे सगळं सर्वांत जास्त असतं. आपल्याकडं कितीतरी घरांत चीक 'जड' म्हणून पिळून टाकत आणि बाळाला मध किंवा गुटी चाटवत. ज्याची सर्वांत जास्त गरज, ते पहिल्यांदा फेकलं जाई.

आता या गोष्टीचा एक धागा आपल्या मुंबईला येऊन मिळतो. दूधपेढी ही कल्पना जुनी. पहिली दूधपेढी १९०९ मध्ये व्हिएन्नात निघाली. पण १९८० च्या दशकात एचआयव्हीची धास्ती पसरली आणि युरोप-अमेरिकेतल्या कितीतरी दूधपेढ्या बंद पडल्या. नेमक्या त्या काळात, २७ नोव्हेंबर १९८९ रोजी, मुंबईतल्या सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी दूधपेढी सुरू केली. ती आशियातली पहिली मानली जाते. महापालिकेचं रुग्णालय, धारावीला लागून असलेलं, गर्दीनं ओसंडणारं. महागडी यंत्रं कमी आणि बाळं जास्त. अशा ठिकाणी सर्वांत स्वस्त आणि सर्वांत गुणकारी औषध आयांच्या अंगावरच होतं, ते फक्त जपून ठेवायचं होतं.

दूधपेढीचं काम समजायला अवघड नाही. ज्या आईला स्वतःच्या बाळाला पाजून दूध उरतं, ती ते स्वखुशीनं देते. तिची एचआयव्ही, कावीळ-बी, सिफिलिस यांसाठी तपासणी होते. दूध ६२.५ अंशांवर अर्धा तास ठेवतात, जंतू उरले नाहीत ना ते तपासतात आणि गोठवून ठेवतात. ज्या बाळाची आई स्वतः अत्यवस्थ आहे, किंवा जिला अजून दूध आलेलं नाही, त्याला ते नळीनं जातं. उष्णतेनं काही गुण कमी होतात, म्हणून स्वतःच्या आईचं ताजं दूध पहिलं, आणि ते नसेल तेव्हा पेढीचं. २०१७ मध्ये केंद्र सरकारनं दूधपेढ्यांसाठी राष्ट्रीय मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांतही हाच क्रम आहे.

उशिरानं का होईना, जुन्या प्रश्नांचे निवाडेही झाले. दूध हळूहळू वाढवावं की भराभर? ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये २८०४ बाळांवर झालेला अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. भराभर वाढवलेल्यांत हा आजार ५ टक्के, हळूहळू वाढवलेल्यांत ५.६ टक्के. म्हणजे हळू जाण्यानं संरक्षण मिळत नव्हतं. आजींच्या प्रश्नाला शास्त्राचं उत्तर मिळालं, फार उशिरा. दान केलेल्या दुधाची परीक्षाही झाली. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या ४८३ अतिशय लहान बाळांच्या चाचणीत दान केलेल्या दुधावर हा आजार ४.२ टक्के होता, आणि कृत्रिम दुधावर ९ टक्के.

काही जोखमी मात्र आम्हीच, चांगल्या हेतूनं, निर्माण केल्या होत्या असं दिसून आलं. पोटातलं आम्ल कमी करणारी औषधं मिळालेल्या लहानग्यांत हा आजार जास्त असल्याचं २००६ मध्ये आढळलं. आम्ल जंतूंना अडवतं, ते कमी केलं की जंतूंना मोकळं रान मिळतं. जंतुसंसर्ग सिद्ध झालेला नसताना पहिल्या दिवसांत पाच किंवा अधिक दिवस प्रतिजैविकं दिलेल्या बाळांतही तेच दिसलं. हा अभ्यास २००९ चा. उपकारक जंतूंचे डोस देण्याचा उपाय २००५ मध्ये तैवानच्या ३६७ बाळांवरील अभ्यासात फार आशादायक वाटला, आजार ५.३ वरून १.१ टक्क्यांवर आला. २०१६ मध्ये इंग्लंडच्या १३१५ बाळांच्या चाचणीत वेगळ्या जातीच्या जंतूंचा काहीच फायदा दिसला नाही. २०२३ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं अशा डोसांविषयी इशाराही दिला. त्यामुळं या उपायावर तज्ज्ञांत आजही मतभेद आहेत.

न्यायालयंही या वादात उतरली. २०२४ मध्ये अमेरिकेत ज्यूरींनी कृत्रिम दुधाच्या उत्पादकांना कोट्यवधी डॉलरची भरपाई द्यायला सांगितलं, आणि त्याच वर्षी दुसऱ्या एका दाव्यात ज्यूरीनं उत्पादकांना निर्दोष ठरवलं. तिथल्या आरोग्य यंत्रणांनी तेव्हा संयुक्त निवेदन काढून एक बारीक, पण महत्त्वाचा फरक सांगितला. उपलब्ध पुराव्यांनुसार धोका वाढतो तो मानवी दूध न मिळाल्यानं. कृत्रिम दूध हे विष आहे असं त्यातून सिद्ध होत नाही. पेढीचं दूधही न मिळणाऱ्या बाळाला तेच जगवतं. हा फरक मला पटतो. छप्पर नसल्यामुळं माणूस भिजला तर पावसावर फिर्याद लावून भागत नाही, छपराची सोय करावी लागते.

आता मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते सांगते. 'जोखमीचे घटक' हा शब्द आम्ही डॉक्टर सहज वापरतो. घरी पोचेपर्यंत त्याचा अर्थ बदलतो. बाळाला असं काही झालं की नातेवाईक आईकडं वळतात. काय खाल्लं होतंस? ग्रहणात बाहेर गेली होतीस का? जड उचललंस का? दूध नीट का आलं नाही? सासू विचारते, कधी नवराही विचारतो, आणि कुणी नाही विचारलं तर ती रात्री स्वतःलाच विचारते. त्या आईला मला १९८२ चा तो अभ्यास सांगावासा वाटतो. पट्टीच्या तज्ज्ञांनी समोरासमोर कागद ठेवून दोषी शोधला, आणि कुणा एकाचा दोष त्यांना सापडला नाही. जोखीम म्हणजे शक्यता. तिला आरोपीचा पिंजरा करू नये.

उलट जे करता येण्याजोगं आहे त्याची यादी छोटी आहे. दिवस भरण्याआधी कळा सुरू झाल्या तर वेळेत रुग्णालयात पोचणं. तिथं आईला स्टिरॉइडचं इंजेक्शन देतात. न्यूझीलंडच्या लिगिन्स आणि हाउई यांनी १९७२ मध्ये फुप्फुसांसाठी ते सुचवलं. त्यानं आतड्यांचंही रक्षण होतं हे पुढं कळलं. बाळ पेटीत असलं तरी पहिल्या काही तासांतच आईला दूध काढायला मदत करणं, आणि चिकाचा एक थेंबही वाया न घालवणं. तिला वॉर्डात येऊ देणं, बाळाला उराशी धरू देणं, कारण जवळ बाळ असलं की दूधही उतरतं. घरच्यांनी तिला जेवू घालणं, झोपू देणं, टोमणे न मारणं. आणि जिला दूध उरतं तिनं जवळच्या दूधपेढीची चौकशी करणं.

या आजाराला अजून पूर्ण उतारा नाही. आजही चांगल्यातल्या चांगल्या विभागात एखाद्या सकाळी सिस्टर टेप हातात घेऊन थबकतात आणि डॉक्टरांना हाक मारतात. पण दोनशे वर्षांच्या संशयांतून जे गाळून उरलं, ते कुणाही सामान्य घराच्या आवाक्यातलं आहे. त्यातलं बरंचसं एका बाईनं दुसऱ्या बाईच्या लेकरासाठी करण्याजोगं आहे. सायनच्या पेढीत दूध देणाऱ्या कितीतरी आयांनी ते केलं. आपलं दूध कुणाच्या पोटात गेलं, हे त्यांना कधी कळलंही नाही.